हट्ट्याचा संघ आणि रामप्रसादचा आवाज

हट्ट्यात रामप्रसादची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या घरघरीत सगळं आयुष्य गेल्यामुळे हा माणूस कानात सांगायची गोष्टही गावाला ऐकू जाईल अशीच सांगतो. ती सवय त्याने कबड्डीच्या मैदानावरही नेली. गावचा संघ जिथे खेळेल तिथे हा टेम्पोत बसून जाणार आणि रेषेजवळून ओरडणार. स्वतः जन्मात एक चढाई केली नाही, पण सल्ल्यांना तोटा नाही.

गेल्या हंगामात वसमतला अंतिम सामना होता. हट्टा एका गुणाने पुढे आणि शेवटची चढाई वैजनाथची. त्याने नुसतं जाऊन परत यायचं होतं. समोर तिघेच उरलेले; तिघांनी पकडलं तर त्यांना दोन गुण मिळतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रामप्रसाद ओरडला, "आत घुस, वैजनाथ! एक गडी मारून ये!" पोरगं घुसलं आणि सापडलं. करंडक गेला.

सगळेच ओरडत होते, त्यामुळे कोण काय म्हणालं हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. परतीच्या टेम्पोत पहिलं तोंड रामप्रसादनेच उघडलं. "ह्या पोराला अक्कलच न्हाई." लाज कशाशी खातात हे त्या दिवशी त्याला माहीत नव्हतं. पुढे वर्षभर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्याने तेच ऐकवलं. वैजनाथने खेळणं सोडलं.

आता यंदाचा हंगाम तोंडावर आला. रामप्रसादला करंडकाची स्वप्नं पडू लागली, आणि वैजनाथशिवाय तो मिळणार नाही हेही कळत होतं. एका सकाळी तो त्याच्या घरी गेला. चहा हातात आल्यावर मोठ्या मनाने म्हणाला, "झालं गेलं सोड, लेकरा. माणूस चुकतो. आमी माफ केलं तुला."

वैजनाथ म्हणाला, "काका, तुमीच वरडले व्हते ना?"

रामप्रसादने चहा खाली ठेवला. "मंग तू कोणाला सांगितलं काहून न्हाई?"

"गिरणीवर चार लोक येतेत तुमच्या. म्हातारपणी काहून तकलीफ द्यावी?" वैजनाथ पुढे म्हणाला, "मी खेळतो यंदा. पण तुमी मैदानावर येऊ नका. तुमचा आवाज आला की मला दुसरं काई सुचत न्हाई."

ज्या हंगामाची वर्षभर वाट पाहिली, तो आता त्याला घरी बसून काढायचा होता. रामप्रसादने मान हलवली आणि उठला.

गिरणीवर शालूबाई दळण घेऊन थांबली होती. वैजनाथ खेळणार हे ऐकून ती म्हणाली, "बरं झालं. त्याला अक्कल आली म्हणायची."

शब्द रामप्रसादचेच होते. दुसऱ्याच्या तोंडून ते त्याला ऐकवेनात.

"अक्कल त्याला व्हतीच," तो म्हणाला. "आत घुस म्हणून मीच वरडलो व्हतो."

शालूबाईने विचारलं, "मंग वर्षभर त्या लेकराला काहून बोलून राहिले व्हते?"