समोरचा ब्रेक

सायकल शिकवताना माझ्या थोरल्या भावाने मला एकच नियम सांगितला, आणि तो चुकीचा होता. पुलगावच्या आमच्या घरासमोर तो सीट धरून माझ्यामागे पळायचा आणि ओरडायचा, "समोरचा ब्रेक दाबजो नको! कोलांटी खाशीन!" गल्लीतल्या एका मुलीचे दोन दात त्या ब्रेकमुळेच गेले, असं सगळे सांगायचे. ती बिचारी आंब्यावरून पडली होती, हे मला लग्नानंतर कळलं. तोवर आमच्या गल्लीतल्या एकूण एक पोरींच्या सायकलींचा समोरचा ब्रेक काढून झाला होता.

पन्नाशीला आल्यावर मी पुन्हा सायकलवर बसले. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची जाड टायरची, डोंगरात चालवायची सायकल आमच्या कारंज्याच्या घरी जिन्याखाली धूळ खात पडली. गुडघे कुरकुरायला लागले होते, घरात दोघंच उरलो होतो, आणि सकाळी आमचं दुकान उघडेपर्यंतचा वेळ अंगावर यायचा. मी सायकल दुरुस्तीच्या दुकानात नेली आणि सांगितलं, हवा भरा, तेल द्या आणि समोरचा ब्रेक काढून टाका.

"शेठाणी, चांगला ब्रेक आहे. काऊन काढता?"

"काढाले सांगितलं, विचाराले नाई," मी म्हटलं. हार्डवेअरच्या दुकानात पंचवीस वर्षं गल्ल्यावर बसलं की जीभ अशी होते. निदान माझी झाली. त्याने ब्रेक काढला, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ठेवजा. लागन कधी." मी पुडी दुकानातल्या खिळ्यांच्या डब्यामागे टाकून दिली.

हायवे सोडून आत वळलं की दोन किलोमीटरवर टेकडी लागते. वर पठार आहे, आणि पठारावरून डांबरी रस्त्यापर्यंत उतरणारी एक अरुंद पायवाट आहे. मुरमाची, दोन्हीकडे बोरी आणि पळस. मी बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, लांबच्या रस्त्याने वर चढायची आणि या पायवाटेने खाली यायची. काय सुख होतं ते! वारा कानात, पदर नाही, गिऱ्हाईक नाही, "मावशी, अर्धा इंची पाइप आहे का" नाही. वळण आलं की मागचा ब्रेक गच्च दाबायचा. मागचं चाक जाम होऊन मुरमावरून खर्रर्र घसरत जायचं आणि सायकल आपोआप वळायची. मला तर तो आवाज म्हणजे आपण फार पटाईत झाल्याची पावतीच वाटायची. घरी मालकांना मी ते खर्रर्र तोंडाने करून दाखवलं, तर ते म्हणाले, "पडू नको म्हणजे झालं." त्यांचा स्वभावच तसा, त्यांना कशात मजा वाटत नाही.

वाटेत बहुतेक रोज एक बाई भेटायची. पासष्टीची असेल, काटक. तिची आणि तिच्या नवऱ्याची पठारावर भाजीची वाडी होती. वांगी, टमाटर, मेथी, आणि आम्ही सांबार म्हणतो ती कोथिंबीर. सकाळी भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन ती याच वाटेने उतरायची आणि डांबरी रस्त्यावर ऑटो पकडून बाजारात यायची. मी मागून खर्रर्र करत आले की ती जागच्या जागी उभी राहायची, दोन्ही हातांनी टोपलं धरून. मी बाजूच्या गवतातून सायकल काढून पुढे जायची. मला वाटायचं, बाई मोठी रीतीची आहे, आपल्याला वाट देते. खरं सांगायचं तर त्याहून पुढचंही वाटायचं. एवढ्या वयाची शेठाणी सायकलवर कशी उडते, हे बघायला ती थांबते, असं वाटायचं. एकदा मी जाता जाता हात हलवून "राम राम मावशी" म्हटलं. तिने उत्तर दिलं नाही. मला राग आला. लोकांना शिष्टाचार नाही, असं मी त्या दिवशी मालकांना सांगितलं.

दसऱ्याच्या आधी चारपाच दिवस चांगलाच पाऊस झाला. उघडीप पडल्यावर एका दुपारी मावशीचा नवरा दुकानात आला. त्यांना मी काकाजी म्हणायची. खिळे, दोरी, कुदळीचे दांडे ते आमच्याकडूनच न्यायचे.

"काटेरी तार पाह्यजे," ते म्हणाले. "आमची बुडी पडली न."

"कुठं पडली? काय झालं?"

"टेकडीवरून उतरून राह्यली होती. वाटेत नाली पडली आहे, हे एवढी. टोपलं डोक्यावर, खाली दिसते कुठं? पाय गेला नालीत. घुटण्यातून मुरगळला. टमाटर गेले गडगडत खालपर्यंत." त्यांनी नाक ओढलं. "डुकरायनं उकरलं असन. रातचे येतेत साले. वाटेवर दोन्हीकून तार मारतो आता."

खाई त्याला खवखवे म्हणतात. काटेरी तारेचं बंडल माझ्या पाठीशीच उभं होतं. काकाजींना ते दिसत होतं, मलाही माहीत होतं. तरी मी म्हटलं, "उद्या या. हे बंडल बुक झालं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीवर सायकल न घेता चालत गेले. वळणावर नाली होती. वरच्या तोंडाशी, जिथे ती सुरू होत होती, तिथे मुरूम वाळून टणक झाला होता आणि त्यात फुल्याफुल्यांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले होते. माझ्या टायरचे. मी रोज त्याच जागी ब्रेक दाबायची, चाक रोज तिथेच घासायचं, आणि मी खरवडलेल्या त्या बोटभर रेघेतून पावसाचं पाणी धावलं होतं. पुढे वीतभर खोल नाली. एक टमाटा अजून पळसाच्या मुळाशी पडलेला होता.

मी तिथे बराच वेळ बसले. कोणाला कळणार होतं? काकाजींनी डुकरांवर आळ घेतला होता, आणि डुकरं काही दुकानात येऊन तक्रार करणार नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी, एवढंच. मी मूग गिळून तार विकली असती, काकाजींनी त्या वयात खांब रोवून ती ओढली असती, आणि पुढच्या पावसात नाली आणखी खोल झाली असती. मावशी त्याच वाटेने पुन्हा उतरली असती, कारण तिला दुसरी वाट नव्हती. बंडीच्या रस्त्याने गेलं तर ऑटो चुकतो आणि बाजार बुडतो. ती पुन्हा पडली असती तर मुरगळण्यावर निभावलं नसतं.

मी उठून वाडीवर गेले. मावशी खाटेवर पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला हळदीचा लेप. काकाजी वांग्यांना पाणी देत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. नाली डुकरांनी नाही केली, मी केली.

मावशीने गुडघ्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "म्हणजे तो खर्रर्र आवाज तुमचाच?"

"हो."

"तो ऐकू आला का मी उभी राहत होती. डोक्यावर ओझं असलं का मान वळत नाई, बाई. मागं कोण आहे, किती जवळ आहे, काई समजत नाई. फकत आवाज येते अंगावर. मी डोळे मिटून घेत होती, उघडले का नुसती पाठ दिसे दूर. वाटे, आता आदळते."

मला वाटायचं, ती माझं कौतुक बघायला थांबते. एवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही. मी तिथेच धुऱ्यावर, वाडीच्या बांधावर, बसले आणि रडले. काउंटरवरची जीभ त्या वेळी काही कामाला आली नाही.

रडणं बघून मावशी विरघळली, असं नाही. तिने वाट पाहिली आणि मग विचारलं, "सायकलले ब्रेक नाई का?"

"एक आहे. मागचा."

"अन् समोरचा?"

"काढून टाकला."

मावशीने काकाजींना हाक मारली. "ऐकलं का? जोडीतला एक बैल घरी बांधून बंडी उतरवते हे बाई!" आणि दोघं हसले. मनापासून, माझ्या तोंडावर. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

मग शिक्षा ठरली. म्हणजे मावशीने ठरवली आणि मी मान हलवली. नाली मी भरायची. आणि तिचा पाय बरा होईपर्यंत टोपलं मी खाली न्यायचं. "सायकलवर बसून नाई," तिने बजावलं. "सायकल हातात धरून. एक टमाटा फुटला तर तो तुम्ही खायचा."

खिळ्यांच्या डब्यामागची पुडी मी त्याच दिवशी शोधून काढली. दुरुस्तीवाल्याने ब्रेक परत बसवला, मागे कॅरिअर लावलं, आणि एक शब्द बोलला नाही. त्या न बोलण्याबद्दल मी त्याची अजून ऋणी आहे.

नाली भरायला सहा सकाळी गेल्या. नुसती माती टाकू देईनात काकाजी. आधी मोठे दगड, मग बारीक गिट्टी, वर मुरूम, आणि वळणाच्या वरच्या अंगाला पाणी बाजूला काढणारी दगडांची आडवी ओळ. ही वाट त्या दोघांनीच कुदळीने खणून काढली होती, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, हे मला घमेलं उचलताना कळलं. मी तिला टेकडीची वाट समजत होते. टेकडीने ती केली नव्हती.

आणि ब्रेक लावायला मी शिकले ते या टमाटरांमुळे. मागे भरलेलं टोपलं बांधलेलं, सायकल हातात, समोर उतार. पहिल्या दिवशी मी सवयीने मागचाच ब्रेक आवळला. चाक घसरलं, टोपलं डोललं आणि पाच टमाटे गेले. ते मी खरंच खाल्ले, मावशीसमोर, मीठ लावून. दुसऱ्या दिवशी काकाजी बरोबर चालले.

"उतारावर कायले थांबवता? उतार लागायच्या आधीच थांबवा. बंडी उतारावर लागली अन् मग कासरा ओढला तर बैल बसते. वरतीच हळू करायचं, सपाटीवर. मग नुसतं धरून ठेवायचं, दोनी हातानं, सारखं. आवळायचं नाई."

दोन्ही हातांनी, दोन दोन बोटांनी, समोरचा आणि मागचा एकाच वेळी, जरासा. वळणाच्या आधी वेग मोडायचा आणि वळणात चाक मोकळं सोडायचं. समोरच्या ब्रेकने कोलांटी होते ती तो एकदम गच्च दाबला तर. हळूच धरला तर वजन पुढे येतं आणि तोच खरा थांबवतो. चाक फिरत राहिलं पाहिजे, फिरणारं चाक वाट खरवडत नाही. हे सगळं मुलाने नंतर फोनवर मोठ्या शास्त्रीय शब्दांत सांगितलं. मी म्हटलं, मला काकाजींनी शिकवलंय, तू झोप.

आठवड्याभरात टमाटे फुटायचे थांबले. मावशी काठी टेकत सावकाश आधीच उतरून ऑटोपाशी उभी असायची, टोपल्यात हात घालून तळाचे टमाटे तपासायची. काही सापडलं नाही की तिला जरा वाईटच वाटायचं.

काकाजींनीच मला वाटेचा कायदाही सांगितला. पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेत, दोन बंड्या समोरासमोर आल्या तर रिकामीने थांबायचं, भरलेलीने जायचं. चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण चढावर थांबला तर पुन्हा निघणं जड जातं. पाठीमागून आलं तर लांबूनच हाक द्यायची, आणि समोरचा "ये" म्हणाल्याशिवाय पुढे काढायची नाही. चिखल असला तर त्या दिवशी बंडी घालायचीच नाही, चाकोरी खोल जाते. कोणी लिहून ठेवलेलं नाही हे. आता शाळेतल्या दोन बाई माझ्याबरोबर सायकलवर येतात, त्यांना मी पहिल्या दिवशीच हे पाठ करायला लावलं. एकीने विचारलं, समोरचा ब्रेक काढून टाकू का? मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

दिवाळीनंतर मावशीचा पाय बरा झाला. पहिल्यांदा टोपलं डोक्यावर घेऊन ती निघाली त्या सकाळी मी मुद्दाम वर होते. मला भीती वाटत होती. नाली भरली होती, वाट टणक झाली होती. पण वाट नीट करणं आणि एखाद्याच्या मनातली धडकी काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. ती पुढे गेल्यावर मी बराच वेळ थांबून निघाले. सपाटीवरच वेग मोडला. दोन्ही ब्रेक हलके धरले. चाकं फिरत होती, मुरूम बारीक कुरकुरत होता, बाकी आवाज नव्हता. वळणाच्या वर थांबले. खाली तिची पाठ दिसत होती, ताठ मान, डोक्यावर सांबाराच्या जुड्या.

"मावशी, मी आहे!"

मी बघत राहिले. तिचे हात टोपल्याकडे गेले नाहीत. ती उभी राहिली नाही. मान तर वळवता येतच नव्हती. चालता चालताच म्हणाली, "ये व माय, सावकाश ये," आणि चालत राहिली.

त्या दिवसापर्यंत ती मला तुम्ही म्हणायची. मी काही तिला ओलांडून पुढे गेले नाही. सायकलवरून उतरले आणि डांबरी रस्ता येईपर्यंत तिच्या मागे मागे चालत गेले, दोन्ही ब्रेकांवर बोटं ठेवून.