बदल्यात दिलेलं रक्त

परवा सुई टोचायच्या आधी सिस्टरनं दंडावर स्पिरिट चोळलं, अन् त्या वासानं वर्ध्याची जुनी रक्तपेढी आठवली. बायकोच्या पोटाचं ऑपरेशन होतं, आंगात रक्त कमी. माह्यं तिच्याशी जुळेना. तिथला माणूस म्हणाला, "काका, तुमचं द्या, बदल्यात तिच्या गटाची पिशवी न्या." मी दिलं. खाटेवर पिशवी टांगली तशी ती हासली, "तुमचं हाय न? आता मीबी तुमच्यावानी खेकसीन." म्या सरळ सांगतलं, "माह्यं नाई, दुसऱ्याचं हाय." "मंग देव त्याचं भलं करो," म्हणे. ऑपरेशन झालं, पन ती घरी आली नाई. गाववाले समजावत, तुह्या रक्तानं कोणी तरी वाचलं असन, पुण्य लागलं. वाचलं असन तर बरंच हाय. पन मले पुण्य नोतं पाहिजे, बायको पाहिजे होती. अजूनबी तेच म्हणतो.