गुंडाप्पाची थंडी

गुंडाप्पा माझ्याशी बोलायचा नाही. माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा आणि महादू हॉटेलवाल्याशी बोलायचा. "महादू, ह्यांना सांग, ह्यांचं रेडकू माझ्या ज्वारीत शिरलंय." मीही महादूलाच सांगायचो, "त्याला सांग, आधी बांध सोड, मग रेडकाचं बघू." नांगरताना त्यानं माझा बांध कोरला होता. वीतभरच, पण कोरला. मी चौथी नापास, पण माझा बांध मला पाठ आहे.

जन्मभर तो साखर कारखान्यात बॉयलरवर होता. गाळप हिवाळ्यात, त्यामुळं त्याचे सगळे हिवाळे आगीपुढं गेले. गाव घोंगडी पांघरून कुडकुडायचं, हा बनियनवर घाम निथळत चिपाडं लोटायचा. रिटायर झाला आणि एकच पालुपद. "लोकांची थंडी बघितली, आपली न्हाय बघितली." त्यात पोरीनं मोबाईलवर मनालीचा बर्फ दाखवला. तिथं लोक पायाला फळ्या बांधून घसरतात म्हणे. मी म्हणालो, "महादू, त्याला सांग, घसरायलाच जायचं तर आमच्या विहिरीवर शेवाळ लई हाय." सगळं हॉटेल हसलं. तोही हसला. त्याचाच मला जास्त राग आला.

पोरीनं आणि जावयानं तिकिटं काढली ती नेमकी येळवशीच्या आठवड्यात. त्या अमावस्येला आमच्याकडं ज्यानं त्यानं आपल्या रानात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करून तिच्यात पांडव पुजायचे, रानभर आंबील शिंपडायची. उभ्या पिकाचं रान तसंच सोडत नाहीत. गुंडाप्पाला पोरगा नव्हता. भावकीनं 'बघू' म्हणून वाटेला लावलं.

मग तो माझ्या दारात आला. मध्ये महादू नव्हता.

"अण्णा, माझ्या रानात तेवढी आंबील शिंपडा. न्हायतर मला जाता येत न्हाय."

"मग नको जाऊ."

टोपी सारखी करत म्हणाला, "तुमी न्हाय म्हणालात म्हंजी शिंपडणार," आणि चालता झाला. इतका उर्मट माणूस!

येळवशीला माझं रान शिंपडून झालं. मातीच्या बिंदगीत आंबील उरली होती. बांधापलीकडं त्याची ज्वारी वाऱ्यावर डुलत होती. जमिनीनं माझं काय वाकडं केलंय? शिंपडली. त्याच्यासाठी नाही.

परत आला तो नाक सोलून घेऊन. "महादू, ह्यांना सांग, थंडी लई वंगाळ असती. माणूस सारखा आखडून का बसतो, ते आता कळलं." आंबिलीचं अवाक्षर नाही. मीही काढलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तो वारला. यंदा येळवशीला त्याच्या रानात पोरीनंच कोप केली. मला बांधावर बघून म्हणाली, "अण्णा, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, बांध तुमीच कोरलाय."

माझं टाळकंच फिरलं. "तुझ्या बापाला सांग..." म्हणालो, आणि तिथंच तोंड मिटलं.