बंधुप्रेमापोटी

बाबा गेल्यावर घर एकट्या दादाच्या नावावर करायचं ठरलं, म्हणून मी हक्कसोडपत्रावर सही करायला नोंदणी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी मजकूर वाचून दाखवला, "मयत वडिलांच्या मिळकतीतला माझा हिस्सा मी बंधुप्रेमापोटी, विनामोबदला, राजीखुशीने सोडत आहे." मग वर न बघताच विचारलं, "ताई, कुणाचा दबाव नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. दादा भिंतीवरच्या सूचना वाचत उभा होता.

रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आम्हा भावंडांत प्रेम हा शब्द आजवर कुणी उच्चारलाच नव्हता. लहानपणी मला ताप आला की दादा उशाशी बसून राहायचा, तेव्हाही नाही. आज तो ऐकला, तो एका परक्या माणसाच्या तोंडून आणि हिस्सा सोडण्याच्या कारणापुरता.

अंगठा टेकवला, फोटो निघाला. बाहेर आल्यावर दादा घसा खाकरून म्हणाला, "मे महिन्यात ये गं घरी, मुलांना घेऊन."

"येईन," मी म्हणाले.

त्या घरी जायला मला याआधी कधी कुणाच्या बोलावण्याची गरज पडली नव्हती.