मोसंबीचा डोळा

पैठणच्या एसटीत बिडकीनला एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या होत्या. त्यांना ऊन लागू नये म्हणून ती खिडकीकडे पाठ करून बसली. थोड्या वेळानं तिनं पाणी मागितलं. मी बाटली दिली, तर न पिता तिनं ते फडक्यावर शिंपडलं.

"कसल्या काड्या, आजी?"

"मोसंबीच्या. आमच्या मालकांनी लावली व्हती. समदी बाग रस्त्यात गेली, उद्या पाडणार हायेत."

फडकं जरासं उघडून तिनं पानाच्या बेचक्यातला हिरवा, फुगीर डोळा दाखवला. "ह्यो लेकीच्या दारात दुसऱ्या रोपावर भरायचा."

"त्यापेक्षा बी का नाही लावत?"

"बियाचं झाड येगळं निघतं, बाबा. डोळ्यातून तेच झाड येतं. तीच फांदी, तेच फळ."

"आणि मालक?"

फडक्याच्या कडा ती पुन्हा पुन्हा दुमडत राहिली. "दिवाळीत गेले," ती म्हणाली. "माणसाचं तसं कुठं असतं?"

पैठणला तिची लेक स्टँडवर उभी होती. म्हातारीनं आधी काड्या तिच्या हातात दिल्या. "सावलीत धर," म्हणाली, आणि मग तिच्या गळ्यात पडून रडली.