तो पट्टा हर्नियाचा नव्हता

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे—अर्धं सांगितलं आहे, गेल्या हिवाळ्यात, एका माणसाला. पण अर्धं सांगून उरलेलं झाकता येतं, आणि मी तेच केलं. आज सगळं लिहितो. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे. तुमच्यासमोर मला पोट आत ओढून बसायला नको.

पोटापासूनच सुरुवात करावी लागेल.

मी बत्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. शिट्टी, पांढरे बूट, कडक इस्त्रीची पँट. ढेरी सुटलेल्या मुलांची मी वेगळी रांग लावायचो आणि सगळ्या मैदानादेखत त्यांना दोन फेऱ्या जास्त मारायला लावायचो. त्या वेळी त्यात मला काही वावगं वाटलं नाही. निवृत्त झालो आणि दोन वर्षांत मीच त्या रांगेत उभा राहण्याजोगा झालो. वजन शंभराच्या वर, साखर वाढलेली. डॉक्टरांनी भीती घातली तेव्हा चालायला लागलो, जिभेला आवर घातला, आणि वजन खरोखर उतरलं. कातडी मात्र उतरली नाही. रिकाम्या पिशवीसारखी ती पोटाखाली लोंबायला लागली. आपला नागपूरचा उन्हाळा—त्या घडीत घाम साचायचा, पुरळ यायची, चिघळायची.

पुरळ येते म्हणून ऑपरेशन करतो, असं मी बायकोला, सुमित्राला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला होता आणि परेडची सलामी घ्यायला मला बोलावलं होतं. त्या मुलांसमोर—आता त्यांचीच पोटं सुटलेली—मला पूर्वीसारखं उभं राहायचं होतं. बासष्टाव्या वर्षी! हसा हवं तर. मी टमी टक करून घेतला. जास्तीची कातडी कापतात, आतले स्नायू शिवून घट्ट करतात, बेंबी नव्या जागी बसवतात. या कंबरेपासून त्या कंबरेपर्यंत व्रण राहतो.

आणि लोकांना सांगितलं—हर्निया.

किती सोपा शब्द. हर्नियाला कोणी हसत नाही. पुरुषाच्या जातीला शोभणारं दुखणं. बघायला येणाऱ्यांना चहा देता देता सुमित्राही तेच सांगायची, पण ते गेले की म्हणायची, "हर्नियाले नवी बेंबीही लावून देतात वाटते आजकाल!"

सर्जनने आधीच बजावलं होतं, की पोट बराच काळ ओढेल, काहींचं वर्षानुवर्षं ओढतं. व्रणाला मालीश करायची, हळूहळू ताण देण्याचे व्यायाम शिकून घ्यायचे, तपासणीला येत राहायचं. मी दोनदा गेलो आणि बंद केलं. दर खेपेला शेजाऱ्यांना नवी थाप कोण सांगणार? फाईल गाद्यांच्या पेटीत तळाशी टाकली. ओढ मात्र राहिली. कातडीच्या आत कोणीतरी एक नंबर लहान शर्ट शिवून टाकला आहे, असं वाटतं. सकाळी उठलो की दहा मिनिटं सरळ उभं राहता येत नाही. शिंक येणार म्हटलं की आधी दोन्ही हात पोटावर जातात. पोटभर जेवलो की टाके आताच घातल्यासारखे तणतात. आणि बेंबीखाली तळहाताएवढी जागा मुकी झालेली—तिथं डास चावला तरी कळत नाही.

या सगळ्याची तक्रार मी शालिकजवळ करायचो.

शालिकराम आमच्याच वस्तीत, नागपूरच्या बेसा भागातल्या ले-आउटमध्ये, दोन गल्ल्या मागे राहतो. माझ्याच वयाचा. लग्नाकार्यात स्वयंपाक करणारा आचारी. त्याच्या हातची सांबारवडी—सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर—खाल्लेला माणूस दुसऱ्याची खायला बसत नाही. त्याच्या मुली माझ्या शाळेत शिकल्या, म्हणून तो मला वामन न म्हणता सर म्हणायचा. रोज सकाळी आम्ही बगिच्यात चालायचो आणि मी चालता चालता पोट धरायचो. "लय तणते का सर?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "काय सांगू गा, हर्नियाचं ऑपरेशन म्हणजे जन्माची कटकट." काहून म्हणत होतो मी असं? त्याचा तो कळवळा मला आवडत होता. दुखणं खरं होतं, फक्त त्याचं नाव खोटं होतं—यात कोणाचं काय जातं, असं वाटायचं.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं असेल. एका सकाळी शालिक बाकावर बसला. मग म्हणाला, "सर, मलेही हर्निया निघाला. गंज उचलून उचलून." गंज म्हणजे लग्नातलं ते मोठं भांडं, ज्यात शंभर माणसांचं वरण होतं. "डॉक्टरनं तारीख देली. पुढच्या सोमवारी. पण तुमचं पाहून हिंमतच होऊन नाही राहिली. तुम्ही भोगलं हाये. खरं खरं सांगा—करू का नको?"

खरं खरं सांगा.

एक वाक्य पुरे होतं. माझा हर्निया नव्हता, शालिक, तू खुशाल कर. तेवढंच. बगिच्यात कोणी नव्हतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं—आलं होतं का? की आता तसं म्हणायला बरं वाटतं? मला एवढंच आठवतं, की मला त्याचं लग्नघर दिसलं. भट्टीवर कढया, भोवती वाढपी, आणि शालिक झारा हलवत सांगतो आहे, पी.टी.च्या सरांनी पोटाची शिलाई करून आणली. तो मनाने चांगला माणूस, पण गोष्ट त्याच्या पोटात राहत नाही.

मी म्हणालो, "बघ बुवा. माझं तर तू बघतोच आहेस. माझा पट्टा पडून आहे घरी. तो बांधून बघ काही दिवस."

आणि घरी नेऊन मी त्याला माझा पट्टा दिला. रुंद, बदामी रंगाचा, ऑपरेशननंतर पोटाला बांधायला दिलेला. त्याचा हर्निया जांघेत होता. हा पट्टा तिथं पोचतही नव्हता. शालिक खालून रुमालाची घडी खोचायचा आणि वरून पट्टा आवळायचा. त्याने तारीख रद्द केली. सव्वादोन वर्षं त्याने तो पट्टा घातला. मी रोज त्याच्यासोबत चालत होतो. शर्टाखालची त्याची कड मला रोज दिसत होती.

वाडीजवळ अमरावती रोडवरच्या एका लॉनमध्ये, भर दुपारी, पंगत बसायच्या वेळी त्याने वरणाचा गंज उचलला आणि तिथंच खाली बसला. जांघेतली गाठ आत जाईना. वांत्या सुरू झाल्या. पहिली पंगत उठेपर्यंत त्याने कोणाला सांगितलं नाही, असा आचारी. दवाखान्यात नेलं तोवर आतड्याचा तुकडा मेला होता. तो कापून काढावा लागला. जीव वाचला. मी पोचलो तेव्हा त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही आले भाऊजी, आता धीर हाये." मी त्या बाईला धीर दिला. कसा दिला असेल?

शालिकचं गंज उचलणं सुटलं, मग लग्नघरं सुटली. छातीखालपासून उभा चिरा गेलेला. काही महिन्यांनी तो पुन्हा बगिच्यात आला, माझ्यासारखाच पोट धरून, आणि हसून म्हणाला, "आता आपण दोघं सारखे, सर."

चार वर्षं मी हे वाक्य ऐकलं. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की वेळेवर केलं असतं तर हे झालं नसतं. पण त्याने त्यावर स्वतःची समजूत काढून ठेवली होती—सरांनी तर वेळेवर केलं होतं, तरी त्यांचं पोट ओढतंच ना? कधीही केलं तरी आपल्या नशिबी हेच होतं. माझं खोटं त्याचा आधार झालं होतं. ते काढून कसं घ्यायचं, असं मी स्वतःला सांगायचो. सोयीचं होतं तसं सांगणं.

गेल्या हिवाळ्यात तो आपल्या जावयाला, प्रवीणला, घेऊन माझ्या घरी आला. प्रवीण वाडीच्या गोडाऊनमध्ये माल चढवतो-उतरवतो. त्यालाही हर्निया, आणि तो ऑपरेशनला तयार नाही. शालिक म्हणाला, "सांगा सर याले. माह्यं तर ऐकत नाही. वेळेवर करून घे म्हना."

मी सांगितलं. जमली तेवढी सगळी समजूत घातली. प्रवीणने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण सर, तुम्ही तर वेळेवर केलं होतं ना? आठ वर्षं झाले. तुम्हीच तर वाकून चालून राहिले."

सुमित्रा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती आत आली नाही, परतही गेली नाही.

मी उठलो, शर्ट वर केला, बनियान वर केलं, पँटची कड खाली केली. आठ वर्षांत हा व्रण सुमित्रा सोडून कोणी पाहिला नव्हता. म्हणालो, "हा हर्निया नाही. लोंबणारी कातडी कापून घेतली मी. दिसायला बरं दिसावं म्हणून. हर्निया मला कधी झालाच नाही. तू कर, बाबा. तुझं असं होणार नाही."

शालिकने व्रणावरून नजर फिरवली. इकडून तिकडे, जणू मोजतो आहे. मग म्हणाला, "अन् तो पट्टा?"

"याचाच."

"काहून, सर?"

"लाज वाटली. तू हसशील, चारचौघांत सांगशील, म्हणून."

"सांगलं असतं मी," तो म्हणाला. "दोन दिवस हासलो असतो. मंग?"

मी बनियान खाली ओढलं.  नंतर त्याने विचारलं, "असं अडकते, जिवावर येते, हे तुम्हाले माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही रे. मला कुठं माहीत?"

तो जावयाला घेऊन गेला. चहा तसाच राहिला.

हेच ते उरलेलं अर्धं. मला माहीत होतं. आमच्या शाळेच्या शिपायाला हर्निया होता आणि तो असाच अडकला होता. माझ्याच स्कूटरवर, मागे दुसऱ्या एकाने त्याला धरून, मी त्याला दवाखान्यात नेलं होतं. व्हरांड्यात डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं, काय होतं, किती वेळ असतो हातात. हे शालिकने बाकावर बसून विचारलं त्याच्या किती तरी वर्षं आधीचं. त्या सकाळी मला तो शिपाई आठवला होता. पट्टा कपाटातून काढतानाही आठवला होता. माहीत असून मी तो दिला.

लिहून झालं. 

प्रवीणचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस आराम करून तो कामावर गेला. वाकून चालत नाही. मी फाईल पेटीतून काढली आणि सर्जनकडे गेलो. त्यांनी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. त्या मला श्वास पोटात घ्यायला शिकवतात, आणि मी, बत्तीस वर्षं शिट्टी वाजवलेला माणूस, निमूट शिकतो. थोडं सैल झालं आहे. पूर्ण होणार नाही, असं त्या स्पष्ट म्हणतात. या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा अंगणात उघड्या अंगाने बसलो. शेजाऱ्यांनी व्रणाचं विचारलं. टमी टक, म्हटलं. दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी कूलरला लावायच्या खसाच्या ताट्यांच्या गप्पा सुरू झाल्या.

हे कागद मी छापायला देण्याआधी शालिककडे नेले. त्या दिवसापासून तो बगिच्यात आला नव्हता. अंगणात खुर्चीवर बसून सांबार निवडत होता. हात पुसून त्याने चष्मा लावला आणि सुरुवातीपासून वाचलं. शिपायाच्या जागी थांबला, ते पुन्हा वाचलं. मी उभाच होतो. त्याने बस म्हटलं नाही.

शेवटी त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं मी 'दोन वर्षं' लिहिलं होतं.

"दोन नाही गा, वामन," तो म्हणाला. "सव्वादोन वर्षं घातला मी पट्टा."

वर दुरुस्त केलं आहे.