मागच्या सीटचा पट्टा

अबू नायेलकाकांच्या गॅरेजच्या जागी आता मोबाईलच्या कव्हरांचं दुकान झालंय. परवा अम्मानशेजारच्या झरकाच्या त्या गल्लीतून जात होते तर पाय आपोआप थांबले. आतल्या पोराला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्याने एक गुलाबी कव्हर पुढे केलं आणि म्हणाला, "बाई, हे तुम्हाला शोभेल." पंचेचाळिशीच्या बाईला काय गुलाबी शोभायचंय, डोंबल. मी नुसती उभी राहिले. मला पत्र्यावरची हातोडी ऐकायची होती, रंगाचा वास हवा होता, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर दिवसभर उकळणारा तो मरमियाची सुगंधी पानं घातलेला काळाकुट्ट चहा. काका जाऊन चार वर्षं झाली. पोराला ते नावही माहीत नव्हतं.

काकांचं गॅरेज होतं त्या वर्षांत झरकाचं अर्धं गाव अमेरिकेत ठोकलेल्या गाड्यांवर जगत होतं. तिकडच्या विमा कंपनीने एखाद्या गाडीवर पाणी सोडलं की तिच्या कागदावर 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसायचा. म्हणजे तिकडच्या हिशेबाने गाडी मेली. आमच्या हिशेबाने ती नुसती पडलेली असायची. जहाजातून ती आमच्याकडे यायची, इथले लोक तिला ठोकून, ताणून, रंगवून उभी करायचे, आणि माझ्यासारखे लोक ती विकत घ्यायचे. अपघातानंतर तिकडे काढलेला फोटो इंटरनेटवर सापडायचा, पण विकणारे तो गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत.

अबू नायेलकाका तो फोटो मोठा छापून गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवायचे.

याला धंदा म्हणायचं का, सांगा. गिऱ्हाईक यायचं, चकाचक गाडी बघून खूश व्हायचं, मग चेंदामेंदा झालेल्या तोंडाचा फोटो बघायचं आणि शेजारच्या दुकानात जाऊन त्याहून वाईट ठोकलेली गाडी घेऊन जायचं. का, तर तिथे फोटो नव्हता. काकू म्हणायच्या, "या माणसाच्या डोक्यात मेंदूच्या जागी पुट्टी भरलीये." काका चहाचा घोट घ्यायचे. "जाऊ दे गेला तर. नंतर शिव्या घालायला तरी परत येणार नाही."

माणूस आडवातिडवा, पोट पुढे, बोटं भेंडीसारखी जाड आणि गाठाळ. चौदाव्या वर्षी अम्मानमध्ये एका आर्मेनियन मिस्त्रीकडे डेंटिंग शिकले आणि हातोड्यांनी डावा कान घालवून बसले. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला उभं राहावं लागे. पण बोटाच्या गाठीने गाडीच्या दारावर टकटक केली की नुसत्या हाताला कळायचं, इथे किती पुट्टी भरलीये ते.

आणि त्यांचा एक नेम होता. छप्पर कापलेली गाडी ते घेत नसत, फुकट दिली तरी. "छप्पर कापलंय म्हणजे आतून माणूस काढावा लागलाय," ते म्हणायचे. "जिच्यातून माणूस स्वतः दार उघडून उतरलाय, तीच गाडी मी नीट करतो. बाकीच्यांना मी हात लावत नाही, आणि का ते विचारू नका."

माझं म्हणाल तर गाडी घेतली त्या वर्षी मी वेडीपिशी झाले होते. सरकारी शिक्षिकेच्या नोकरीसाठी नऊ वर्षं यादीत नाव होतं. नऊ. यादीत माझ्या मागे असलेल्या मुलींची लग्नं झाली, पोरं झाली, आणि माझा नंबर आपला सरकतोय. शेवटी कागद आला, तो अझरकच्या मुलींच्या शाळेचा. झरकापासून वाळवंटातून तासाभराच्या वर वाट. दोन आठवड्यांत हजर व्हा, नाहीतर नाव कमी. बस कधी यायची, कधी नाही. नवरा कुवेतला, आणि सात वर्षांची लेक जूद मागे ठेवायची कुणाकडे? तिला बरोबर न्यायचं, तिथेच दुसरीत घालायचं, असं मी ठरवलं. म्हणजे गाडी हवी. आणि मी साठवलेल्या दिनारांत शिक्क्याची गाडी सोडून दुसरी येत नव्हती.

माझा धाकटा भाऊ बासिल बरोबर आला. ज्याच्याकडे स्वतःची गाडी नसते त्याला गाड्यांतलं सगळं कळतं, तसा आमचा बासिल. काकांकडे एक चंदेरी हायब्रिड होती. फोटोत तिचं तोंड पार आत गेलेलं, पण छप्पर शाबूत आणि पुढची दोन्ही दारं सताड उघडी.

"बघ," काका म्हणाले. "नीट बघून घे, मग बोलू."

आमच्याकडे गाडी घ्यायच्या आधी तपासणीवाला चासीची चारही टोकं बघतो आणि प्रत्येकापुढे 'चांगलं' किंवा 'मार लागलेलं' असं लिहून देतो. हिची तीन चांगली निघाली, पुढचं उजवं मार लागलेलं.

बासिलने तोंड वाकडं केलं. "चारही चांगली नसतील तर घेऊ नको, ताई. लोक काय म्हणतील?"

"लोक मला रोज अझरकला सोडायला येणार आहेत का?"

"मी आपलं तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"मग भल्यासाठी गप्प बस."

काका उजवा कान आमच्याकडे करून हसत होते. मी गाडी ठरवली. विसार दिला. गुरुवारी ताब्यात घ्यायची असं बोलणं झालं. घरी येऊन जूदला सांगितलं तर ती सोफ्यावर उभी राहून नाचली.

बुधवारी दुपारी दार वाजलं. अबू नायेलकाका तीन जिने चढून आले होते, धापा टाकत, अंगात धुतलेला सदरा. मी कॉफी केली. त्यांनी कप घेतला आणि न पिता समोर ठेवला.

आमच्याकडे पाहुण्याने कॉफी अशी खाली ठेवली की समजायचं, काहीतरी मागायला आलाय आणि उत्तर मिळाल्याशिवाय कपाला तोंड लावणार नाही. मला वाटलं, किंमत वाढवायला आले. मनातल्या मनात मी चार ठेवणीतली वाक्यं तयारसुद्धा केली.

"बोला काका."

त्यांनी खिशातून एक राखाडी पट्टी काढून टेबलावर ठेवली. वीतभर सीट बेल्ट होता. एक टोक एका रेषेत तिरकं, धारदार काहीतरी फिरवल्यासारखं.

"मागची उजवी सीट," ते म्हणाले. "आज गाडी धुताना मागच्या सीटचं कव्हर काढलं. हा खटक्यात अडकलेला होता. उरलेला वर खांबात गुंडाळून गेलेला."

"तुटला?"

"कापलाय. सोडवायला वेळ नसतो तेव्हा कापतात. सीटच्या फटीत खाऊ सापडला. ती बारकी गोल भोकाची कडी असतात ना, दुधात घालून पोरं खातात ती."

चासी बघितली, इंजिन बघितलं, बॅटरी बघितली. तपासणीवाल्याने बघितली, बासिलने बघितली, खुद्द काकांनी महिनाभर ती गाडी हाताळली. मागचा पट्टा एकानेही ओढून बघितला नव्हता. आमच्याकडे मागे बसून पट्टा लावतं कोण?

"फोटो समोरून काढलेला," काका म्हणाले. "दारं उघडी दिसली, मला वाटलं सगळे उतरले. मागचं मी बघितलंच नाही. मी चुकलो, मुली. माझं मागणं एवढंच आहे की तू नको म्हण. विसार परत घे."

आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या म्हाताऱ्या माणसावर भडकले. "आता सांगताय? दहा दिवस राहिलेत माझे. नऊ वर्षं थांबलेय मी, काका. आता कुठून आणू गाडी? तुम्ही गप्प बसला असतात तर मला जन्मात कळलं नसतं."

"नसतं कळलं," ते म्हणाले.

आतल्या खोलीत जूद नव्या दप्तराच्या चेनशी खेळत होती. ती चेन उघडल्या-मिटल्याचा आवाज आम्ही दोघं ऐकत होतो. कॉफी निवत चालली.

"त्या पोराचं काय झालं असेल?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"वाचलं असेल?"

"मी देवाला विचारतोय सकाळपासून."

मग मी तो प्रश्न विचारला जो प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं आणि ज्याला प्रत्येक विकणारा हो म्हणतो. "तुमच्या नातीला बसवाल त्या सीटवर?"

"आज नाही," काका म्हणाले. "नवा पट्टा बसवीन, त्याचा खांबातला खिळा न् खिळा बदलीन, मी स्वतः तिथे बसून अझरकपर्यंत जाऊन येईन. मग विचार."

"मग तसंच करा," मी म्हणाले. "त्यानंतर मी हो की नाही ते सांगेन. आणि आता ती कॉफी प्या, नाहीतर ओतून देते."

ते प्यायले. गार कॉफी एका घोटात.

शनिवारी सकाळी निघालो. मी चालवायला, शेजारी बासिल, आणि मागे उजवीकडे अबू नायेलकाका, गुडघे छातीशी, पोटावरून नवाकोरा काळा पट्टा. बासिलला हसू आवरेना. "काका, वाटेसाठी खाऊ आणलाय का?" काकांनी त्याच्या टाळक्यात एक टपली दिली. गाव संपलं, काळ्या दगडांचं माळरान सुरू झालं, सौदीकडे जाणारे ट्रक बाजूने दणदणत जायला लागले.

"आता जोरात ब्रेक मार," मागून हुकूम.

"काका, तुम्ही आपटाल."

"त्यासाठीच बसलोय. मार."

मी मारला. बासिलचं डोकं समोर आपटता आपटता राहिलं, कारण साहेबांनी पट्टा लावला नव्हता. मागे पट्टा ताणला आणि त्याने काकांना धरून ठेवलं. त्यांनी तसं पुन्हा करायला लावलं. एकूण सात वेळा. सातव्यांदा मी आरशात बघितलं तर ते पट्ट्यावर दोन्ही हात ठेवून पुटपुटत होते. आमच्याकडे जित्याचं नाव निघालं तर 'देव त्याला राखो' म्हणतात, आणि गेलेल्याचं निघालं तर 'देव त्याच्यावर दया करो'. काका दोन्ही म्हणत होते, एकामागून एक. मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी कडेला घेतली आणि रडून घेतलं.

अझरकला शाळा बंद होती, शनिवारची सुट्टी. फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी काकांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. "काका, सरळ सांगा. घेऊ?"

"गाडी चांगली आहे. पट्टा चांगला आहे," ते म्हणाले. "बाकीचं मला माहीत नाही, मुली. माहीत आहे असं मी तुला सांगणार नाही."

गेला आठवडाभर प्रत्येक जण मला खात्री देत होता. बासिल देत होता, नवरा कुवेतहून फोनवर देत होता, काकांच्या शेजारच्या दुकानातला गोडबोल्या गाडीवाला तर छातीवर हात ठेवून देत होता. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा हा एकच माणूस निघाला. माझी पोर कुणाच्या तरी शब्दावर बसवायचीच होती, तर ती याच्या शब्दावर बसवीन, असं मला तिथे फाटकासमोर अगदी स्वच्छ वाटलं.

"घेतली," मी म्हणाले.

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि डोळे पुसले, उघडपणे, टपरीवाल्यासमोर. करारात त्यांनी 'मागचा उजवा पट्टा अपघातात कापलेला होता' असं लिहायला लावलं. कारकून म्हणाला, असलं कुणी लिहितं का. काका म्हणाले, मी लिहितो.

शाळेचा पहिला दिवस उजाडला. सहाला निघालो. जूदला मी मागे उजवीकडे बसवलं, खटका लावला, ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. ती म्हणाली, "आई, पुरे." माळरान लागेपर्यंत ती गाणी म्हणत होती, मग कंटाळली आणि पट्ट्याकडे बघायला लागली.

"हा एकटाच काळा का? बाकीचे राखाडी आहेत."

"तो नवा आहे. काकांनी तुझ्यासाठी बसवला."

"आधी इथे कोण बसायचं?"

समोरून एक लांबलचक ट्रक येत होता. मी तो जाऊ दिला.

"एक मुलगी," मी म्हणाले.

"माझ्याएवढी?"

"तुझ्याएवढी."

"मग आता ती का नाही बसत?"

आरशात तिचं तोंड दिसत होतं, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. मुलगी की मुलगा तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"मोठी झाली ती," मी म्हणाले. "आता पुढे बसते."